विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं, आणि जुन्या कॉम्प्युटरचं आता करायचं काय

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जुना डेस्कटॉप घेऊन गेलं की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भिया, दस तो बंद हो गया, ग्यारा इसमें चलेगा नी, नया ले लो." माणूस घाबरून घरी येतो, बटन दाबतो आणि कॉम्प्युटर आपला रोजच्यासारखा चालू होतो, टॅली उघडते, यूट्यूब चालतं, प्रिंट निघते. मग बंद काय झालं? आणि बंद झालंच नसेल तर अख्खा पडदा व्यापून सपोर्ट संपतोय असा मेसेज कशाला येत होता? राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडच्या आपल्या घरांतून, ट्यूशन घेणाऱ्या ताईंकडून, सीएच्या ऑफिसात बसणाऱ्या पोरांकडून हा प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

दुकानदार खोटं बोलतोय असं नाही, पण तो अर्धंच सांगतोय. उरलेलं अर्धं माहीत असेल तर बऱ्याच जणांचे तीस-चाळीस हजार निदान आत्ता तरी वाचतात.

संपलं काय आणि चालू काय

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा मूळ सॉफ्टवेअर, ज्याच्यावर बाकी सगळे प्रोग्राम चालतात. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला १४ ऑक्टोबर २०२५ ला. (२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने स्टेजवरून सांगितलं होतं की विंडोज १० हे शेवटचं विंडोज, यापुढे नंबर वाढणार नाही. सहा वर्षांत ११ आलं. असो.)

सपोर्टमध्ये तीन गोष्टी येतात. नवीन सोयी, अडचण आली तर कंपनीची मदत, आणि सिक्युरिटी पॅच. पहिल्या दोन गेल्या तरी आपल्यापैकी कोणाला पत्ता लागणार नाही, कारण मायक्रोसॉफ्टला फोन कोणी आयुष्यात केलेला नसतो, आपण फोन करतो भाच्याला. खरी गोष्ट तिसरी.

पॅच म्हणजे ठिगळ. विंडोजमध्ये कोट्यवधी ओळींचा कोड आहे आणि तो माणसांनी लिहिलेला आहे, त्यामुळे त्यात चुका राहतात आणि त्यातल्या काही चुका अशा असतात की बाहेरचा माणूस त्यातून आत शिरू शकतो. अशी भोकं सतत सापडत राहतात, आज सापडतायत आणि पुढच्या वर्षीही सापडतील. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांची ठिगळं पाठवतं, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते म्हणून बुधवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला की "रिस्टार्ट करू का" असं विचारत बसतो आणि आपण वैतागून "नंतर" दाबतो. तर ही ठिगळं विंडोज १० साठी आपोआप येणं थांबलं, एवढंच झालंय. कॉम्प्युटर बंद पडणार नाही, फायली उडणार नाहीत, नेटही बंद होणार नाही.

"मग बरंच आहे की, ती रिस्टार्टची कटकट गेली!" असं एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

मागच्या वर्षीपर्यंत सुरक्षित होतं ते एकदम असुरक्षित कसं झालं?

हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि याचं उत्तर समजलं की बाकी सगळं समजतं.

समजा कॉलनीत सगळ्यांच्या दारांना एकाच कंपनीचं कुलूप आहे, काहींचं जुनं मॉडेल, काहींचं नवीन, पण आतली कळ जवळपास सारखीच. कंपनीला कळलं की केसांच्या पिनेने हे कुलूप उघडतंय. कंपनी नवीन मॉडेलवाल्यांकडे माणूस पाठवते आणि कळ बदलून देते. जुन्यावाल्यांना म्हणते, तुमची मुदत संपली. आता चोराला डोकं लावायची पण गरज नाही, त्याने फक्त बघायचं की नवीन कुलपात कंपनीने नेमका कोणता भाग बदलला. तोच भाग जुन्या कुलपात अजून तसाच आहे.

विंडोज १० आणि ११ मध्ये बराचसा कोड एकच आहे. ११ चा पॅच बाहेर आला की जगात कितीतरी लोक, काही चांगल्या हेतूने आणि काही वाईट, पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून फरक काढतात. फरक म्हणजे भोकाचा पत्ता. म्हणजे बघा, दर महिन्याला ११ ची दुरुस्ती होते आणि त्याच दुरुस्तीमुळे १० ची एक-दोन भोकं जगजाहीर होतात. १५ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी तुमचा कॉम्प्युटर आदल्या दिवशीइतकाच सुरक्षित होता. धोका एका रात्रीत आला नाही, तो महिन्यामहिन्याने साचतोय, आणि म्हणूनच तो दिसत नाही.

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय?"

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. यात गृहीत असं धरलेलं असतं की कोणीतरी तुमचं नाव बघून, विचार करून तुमच्या मागे लागणार. तसं होत नाही. प्रोग्राम सोडलेले असतात, ते चोवीस तास नेटवरच्या पत्त्यांवर एकापाठोपाठ एक टकटक करत फिरतात, जिथे भोक सापडेल तिथे आत. त्यांना तुम्ही कलेक्टर आहात की पेन्शनर हे माहीत नसतं आणि फरकही पडत नाही.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस असाच पसरला. दीडशेच्या आसपास देशांत, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवायचे पैसे मागायचा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांमध्ये हजारो पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आता यातली गंमत अशी की ज्या भोकातून तो आत शिरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळपास दोन महिने आधी. सगळ्यात जास्त मार बसला विंडोज ७ च्या मशिनींना, आणि ७ चा सपोर्ट तेव्हा व्यवस्थित चालू होता! लोकांनी फक्त "नंतर" दाबलं होतं. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता तरी प्रकरण इतकं वाढलं की मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीही तातडीने पॅच काढावा लागला, आणि असं ते फार क्वचित करतात, त्याच्या भरवशावर बसू नये. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा तसाच व्हायरस आला आणि त्यात मुंबईजवळच्या आपल्या जेएनपीटी बंदरावरचं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं, तेव्हा हे सगळं तिकडे युरोप-अमेरिकेत होतं असं समजायचंही कारण नाही.

आणि "काहीच नाही" म्हणणाऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काय असतं ते मी बघितलंय. डेस्कटॉपवर "आधार सगळ्यांचे" नावाचं फोल्डर, पॅन कार्डाचे स्कॅन, समग्र आयडी, घराच्या रजिस्ट्रीची पीडीएफ, क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, व्हॉट्सअ‍ॅप वेब कायम उघडं. आणि मुलीच्या लग्नाचे फोटो, ज्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही. चोराला त्या फोटोंची किंमत शून्य असेल, पण तुम्ही ते परत मिळवायला काय द्याल याची त्याला बरोबर कल्पना असते.

"पण अँटिव्हायरस आहे ना!"

आहे, आणि असू द्या. विंडोजमध्येच जो डिफेंडर येतो त्याची व्हायरसची यादी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहणार आहे, एज ब्राउझरलाही निदान तिथपर्यंत अपडेट मिळणार आहेत. क्रोमही सध्या चालतोय. हे सगळं उपयोगाचंच आहे.

पण अँटिव्हायरस ओळखीच्या बदमाशाला दारात पकडतो, दार दुरुस्त करत नाही. विंडोजच्याच आत भोक असेल तर कधी कधी अँटिव्हायरसला कळायच्या आत तोच बंद केला जातो. त्यामुळे अँटिव्हायरसचं तीन वर्षांचं पॅक विकत घेतलं की काम झालं हा गैरसमज आहे, आणि तो पॅक विकणारा हा गैरसमज दूर करणार नाही हे उघड आहे.

क्रॅक केलेलं विंडोज आणि "अ‍ॅक्टिव्हेटर" वापरणाऱ्यांसाठी एकच वाक्य. ज्या प्रोग्रामची पहिली अट "आधी अँटिव्हायरस बंद करा" ही असते, तो घरात घेतल्यावर पॅचची चर्चा करण्यात अर्थ नाही.

एक वर्षाची मुदतवाढ मिळतेय, ती आधी घ्या

दुकानात जे सांगत नाहीत ते हे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांसाठी विंडोज १० चे सिक्युरिटी पॅच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायची योजना काढलीय, तिचं नाव एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, सगळे ईएसयू म्हणतात. पण ती आपोआप लागू होत नाही, नाव नोंदवावं लागतं, आणि तिथेच लोक राहून जातात. नाव नोंदवायचे तीन मार्ग आहेत. कॉम्प्युटरच्या सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या त्यांच्या साठवणीत, चालू केला तर फुकट. मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट असतील तर ते देऊन. नाहीतर ३० डॉलर एकदाच. एका मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर १० कॉम्प्युटरपर्यंत चालतं.

आमच्या काकांच्या डेस्कटॉपवर हे केलं ते सांगतो म्हणजे कुठे अडकायला होतं ते कळेल. पाचव्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम, कव्हर घातलेला कीबोर्ड. आधी स्टार्टमध्ये विनव्हर (winver) टाइप करून बघितलं कोणतं व्हर्जन आहे, कारण ही योजना फक्त २२एच२ वर, म्हणजे १० च्या शेवटच्या व्हर्जनवर मिळते. त्यांचं २१एच२ निघालं, कारण अपडेट कायम "नंतर" वर. म्हणजे आधी ते सगळं उतरवून घ्या, दोनदा रिस्टार्ट, मध्ये काकूंचा चहा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, आणि तिथे "चेक फॉर अपडेट्स" च्या आसपास बारीक अक्षरात "एन्रोल नाउ" अशी लिंक. बटन नाही, लिंक! जिच्यावर एवढं अवलंबून आहे ती गोष्ट इतकी बारीक का लिहिली हे मायक्रोसॉफ्टलाच ठाऊक.

लिंक दाबल्यावर मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागितलं आणि इथे गाडी अडली. "काका, तुमचं मायक्रोसॉफ्टचं अकाउंट आहे का?" "अरे जीमेल आहे ना." ते चालतं, जीमेलच्या पत्त्यावरही मायक्रोसॉफ्टचं अकाउंट बनतं, फक्त पासवर्ड वेगळा असतो हे त्यांना पटवण्यात बराच वेळ गेला. तो पासवर्ड डायरीत लिहून घेतला, काकांच्या हस्ताक्षरात, माझ्या नाही. मग बॅकअपवाला पर्याय, नेक्स्ट, नेक्स्ट, आणि शेवटी अपडेटच्या पानावर नोंद झाल्याचं वाक्य आलं. ते वाक्य दिसेपर्यंत उठू नका. काका म्हणाले, "एवढंच? आणि तो मला नवीन घ्यायला सांगत होता?"

लिंक दिसतच नसेल तर कॉम्प्युटरचे उरलेले अपडेट आधी पूर्ण करा, आणि तुम्ही अ‍ॅडमिनच्या लॉगिनने बसलाय ना ते बघा. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, आज नोंदवलं तरी मधले चुकलेले पॅच मिळतात, फक्त मधल्या काळात दार उघडं होतं हे खरं.

"फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार"

आहेच. तुमचं लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला जोडलं जातं आणि सेटिंग त्यांच्या क्लाउडवर जातात, हीच किंमत. फुकटातला क्लाउड पाच जीबीचा असतो, त्यामुळे बॅकअपमध्ये फोटो आणि डॉक्युमेंटची फोल्डरं पण चालू ठेवली तर तो दोन दिवसांत भरतो आणि मग जागा विकत घ्या म्हणून मागे लागतो. ती फोल्डरं बंद ठेवता येतात, फक्त सेटिंगचा बॅकअप पुरतो. ज्यांना अकाउंट जोडायचंच नाही त्यांनी ३० डॉलर भरावेत, भरताना एकदा मायक्रोसॉफ्टमध्ये साइन-इन करावं लागतं, पण रोजचं लॉगिन जुनंच ठेवता येतं. माझं मत विचाराल तर ज्याचा फोन अँड्रॉइड आहे आणि सगळे फोटो गूगलकडे आहेत त्याने सेटिंगचा बॅकअप देताना फार विचार करू नये. पण ज्याला तत्त्व म्हणून नकोय त्याचंही बरोबर आहे, युरोपातल्या लोकांना बॅकअपची अट न घालता हेच फुकट दिलंय, आपल्याला नाही, यावर राग आला तर तो रास्त आहे.

ऑफिस, दुकान आणि शाळेच्या मशिनी

ज्या ऑफिसात कॉम्प्युटर एका सर्व्हरला डोमेनने जोडलेले आहेत, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तो सर्व्हरच सांभाळतो, तिथे घरगुती योजना चालत नाही. त्यांच्यासाठी दर वेगळा, पहिल्या वर्षी एका मशिनीला ६१ डॉलर, मग दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत. हिशोब केला की तीन वर्षांचे मिळून चारशे डॉलरच्या वर जातात, त्यात नवीन मशीन यायला लागते, आणि दर असा ठेवण्यामागचा उद्देशही तोच असणार. शाळांना मात्र पहिल्या वर्षी एक डॉलर, मग दोन, मग चार. शाळेच्या कमिटीवर असाल तर हे प्रिन्सिपलच्या कानावर घाला.

अजून एक आडरस्ता लोक शोधतात, एलटीएससी नावाचं विंडोज १० चं मोठ्या कंपन्यांसाठीचं व्हर्जन. त्याच्या आयओटी, म्हणजे यंत्रांमध्ये बसवायच्या प्रकाराला २०३२ पर्यंत पॅच आहेत हे खरं आहे, पण ते घरगुती माणसाला सरळ विकत मिळत नाही, आणि नेटवर पाचशे रुपयांत मिळणारी त्याची लायसन्स-की कुठून आली ते विकणाराही सांगणार नाही. स्लोव्हेनियातली एक कंपनी झिरोपॅच नावाची सेवा देते, ती मायक्रोसॉफ्टची वाट न बघता मोठ्या भोकांसाठी स्वतःची छोटी ठिगळं मेमरीतच लावते, विंडोज १० ला निदान पाच वर्षं सांभाळू असं म्हणते. पर्याय खरा आहे. पण सगळीच भोकं ते बुजवत नाहीत, निवडक बुजवतात, आणि तुम्ही विश्वास मायक्रोसॉफ्टऐवजी दुसऱ्या कोणावर टाकताय एवढं समजून घ्या.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे मात्र कोणाच्याच लक्षात नाही. ईमेलवर आलेली अनोळखी वर्ड-एक्सेल फाइल जुन्या ऑफिसमध्ये उघडणं हे जुन्या विंडोजइतकंच जोखमीचं.

"ग्यारा चलेगा नी" हे नेहमी खरं नसतं

विंडोज ११ ला लागतं काय? चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि खरी अडचण दोन गोष्टींची, प्रोसेसर आणि टीपीएम. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी छोटी चिप, हल्ली ती प्रोसेसरच्या आतच असते, ११ ला तिचं २.० व्हर्जन लागतं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. पिढी ओळखायची सोपी खूण, आय५-८४०० असं लिहिलेलं असेल तर आय५ नंतरचा पहिला आकडा ८ म्हणजे आठवी, आय५-१०४०० असेल तर दहावी.

आता ऐका. असेंबल केलेल्या बऱ्याच मशिनींमध्ये प्रोसेसर नवव्या-दहाव्या पिढीचा असतो पण टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं, आणि मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक प्रोग्राम सरळ सांगतो, तुमचा कॉम्प्युटर चालणार नाही. चालतो! बायोसमध्ये इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाचा स्विच असतो तो चालू करायचा. डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केली असेल तर तीही बदलावी लागते, विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं त्याचं टूल आहे, पण हे काम बॅकअप घेतल्याशिवाय आणि माहितगार माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका. स्विचच्या कामाला दुकानदार दोन-तीनशे घेईल, द्या. नवीन सीपीयू कॅबिनेट घेऊ नका.

प्रोसेसरच जुना असेल तर जुगाड आहे. रूफस नावाच्या फुकट टूलने असा पेन ड्राइव्ह बनतो जो या अटी तपासतच नाही. बसतं, चालतं, महिन्याचे पॅचही साधारणपणे येतात. पण मायक्रोसॉफ्ट म्हणतं की अशा मशीनला अपडेट द्यायला आम्ही बांधील नाही, आणि दर वर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, तेव्हा पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा तीच कसरत. कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या मशिनींवर तर २०२४ चं आणि त्यापुढचं ११ सुरूच होत नाही. ज्याला हे स्वतः करता येतं त्याने खुशाल करावं. काकांच्या मशीनवर मी केलं नाही, कारण वर्षाने अडलं की फोन मला येणार.

लिनक्स टाकू का?

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्प्युटर फक्त नेट, बँकेची वेबसाइट, ईमेल, यूट्यूब आणि चार पत्रं लिहिण्यापुरता असेल तर हो, टाका, आणि चिंता सोडा. तिच्या लिनक्स मिंट २२ या प्रकाराला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, दोन जीबी रॅमवर चालतं, चार असेल तर आरामात, आणि दिसायला विंडोज ७ च्या जवळचं आहे त्यामुळे ज्येष्ठ लोक पटकन रुळतात. पेन ड्राइव्हवरून काहीही न पुसता चालवून बघता येतं, आधी प्रिंटर आणि वायफाय चालतंय का ते तसंच बघून घ्यायचं.

पण टॅली आहे? मग थांबा. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लावून रिटर्न भरता? मग पण थांबा, ते ड्रायव्हर आणि साइनर मुख्यतः विंडोज धरूनच बनवलेले असतात, रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता लिनक्सवर त्यांच्याशी भांडायची वेळ येऊ नये. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने किंवा रोमन अक्षरांवरून छान होतं, युनिकोडमध्ये. कृतिदेव, श्रीलिपी अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर बोटं बसलेली असतील आणि मंडळाच्या स्मरणिकेचं सगळं जुनं काम त्याच फॉन्टमध्ये पडलं असेल तर मात्र विंडोज सोडू नका.

आणि अजून एक्सपी, विंडोज ७ चालवणारे

आहेत, भरपूर आहेत, हसू नका. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सगळ्या बँकांना पत्र काढून सांगावं लागलं होतं की एटीएममधलं एक्सपी जून २०१९ पर्यंत काढा, तेव्हा कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याला काय बोलायचं.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पैसे देऊन मिळणारी मुदतवाढसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये संपली. त्यावर क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९, ते पण २०२३ च्या सुरुवातीचं. अशा मशीनवर हळूहळू साइटीच उघडेनाशा होतात. साइट खरी आहे हे ओळखायची ब्राउझरकडे जी प्रमाणपत्रं असतात त्यांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक खूप वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जुने फोन, जुने कॉम्प्युटर कितीतरी साइटींवर "सुरक्षित नाही" म्हणून अडून बसले. लोकांना वाटलं नेट खराब आहे.

या जुन्या विंडोजसाठी लेगसी अपडेट नावाचा एक प्रकल्प काही हौशी लोक चालवतात. एक्सपी नव्याने टाकलं की विंडोज अपडेटचं पान आता उघडतच नाही, तर हे लोक ते पुन्हा चालू करून देतात आणि त्या काळात निघालेले सगळे पॅच उतरवता येतात. फार उपयोगी काम आहे, पण एक फरक समजून घ्या, जुने सगळे पॅच मिळणं वेगळं आणि नवीन पॅच बनणं वेगळं. नवीन कोणी बनवत नाहीये. एक्सपीला तर काही वर्षं आणखी एक युक्ती चालायची, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एक ओळ टाकून दुकानांच्या बिलिंग मशिनींसाठीचे पॅच आपल्या कॉम्प्युटरला घ्यायचे, तेही एप्रिल २०१९ ला बंद झालं.

"पण माझ्या मशीनचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं हो!" सांवेर रोडच्या, पीथमपूरच्या कारखानदारांचं हे खरं दुखणं आहे, लाखोंचं यंत्र ठणठणीत असतं आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर म्हातारा. पॅथॉलॉजी लॅबमध्येही तेच. यावर उपाय एकच, त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, वायफाय बंद, आणि त्याला फक्त त्याचं एक काम करू द्या. जुनं विंडोज नेटशिवाय वर्षानुवर्षं सुखाने चालतं. धोका मग उरतो पेन ड्राइव्हचा, इराणच्या अणुप्रकल्पात स्टक्सनेट नावाचा व्हायरस पसरला तो नेटला न जोडलेल्या मशिनींपर्यंत यूएसबीतूनच. त्यामुळे त्या मशीनचा पेन ड्राइव्ह वेगळा, त्यावर मार्करने खूण, आणि आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर स्कॅन. तिच्या अख्ख्या डिस्कची एक कॉपी काढून कपाटात ठेवा, कारण अशा मशिनीला व्हायरसच्या आधी बहुतेक वेळा हार्ड डिस्कच दगा देते.

मग मी आज काय करू?

घरचा विंडोज १० असेल तर आज रात्री फोटो आणि कागदपत्रं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा, डिस्क काढून ठेवा, लावून ठेवू नका, कारण खंडणीवाला व्हायरस लावलेली डिस्कही कुलूपबंद करतो. मग ईएसयूची नोंदणी. ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा वेळ हा विचार करायला मिळालेला वेळ आहे, तेवढ्यात ठरवा की ११ जमतंय, लिनक्स पुरतंय, की खरंच नवीन घ्यायचंय. नवीन घ्यायचंच ठरलं तर दिवाळीच्या ऐन गर्दीत जाऊ नका.

आणि जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये द्याल तेव्हा डिलीट दाबून रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे डेटा गेला असं नसतं, तो परत काढता येतो. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी, त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग", आणि पुढे "चेंज सेटिंग्ज" मध्ये जाऊन "क्लीन डेटा" चालू करायचं. मोठ्या हार्ड डिस्कला याला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. तेवढाही वेळ नसेल तर दुकानदाराला सांगा, हार्ड डिस्क काढून माझ्या हातात दे, बाकी डबा घेऊन जा. दोन-चारशे रुपये कमी देईल.